नखं कापू न देणारा ससा : गोव्यातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिचोलीपासून काणकोणापर्यंत ज्यांच्या घरी ससा आहे त्यांच्याशी बोलताना एक तक्रार हमखास ऐकू येते : "सगळं करू देतो, पण पायाला हात लावला की संपलं." त्याच विषयावर लोक जे पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. सगळ्या उत्तरांमागचं माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. अठराच्या अठरा नखं आजच झाली पाहिजेत हा आग्रह सोडा. सशाला इजा होते ती बहुतेक वेळा घाईने, जबरदस्तीने धरल्यामुळे. कात्रीचा दोष त्यात फार कमी असतो.

मुळात सशाची नखं कापायची गरज काय? रानातल्या सशांची कोण कापतं?

रानातला ससा खडकाळ, खडबडीत जमिनीवरून पळतो, पायांनी माती ओरबाडतो. त्याची नखं वाढतात तशी झिजतात. घरातला ससा मोझेकच्या नाहीतर टाइल्सच्या लादीवर फिरतो. तिथे नख झिजायला काही नाही, आणि ते वाढायचं तर काही थांबत नाही.

नुसतं दिसायला वाईट एवढाच प्रश्न असता तर मी कुणाच्या मागे लागले नसते. पण सशाच्या तळव्याला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते. दाट केस, आणि त्याखाली लगेच कातडी. नखं लांबली की बोटं पुढून वर उचलली जातात आणि अंगाचा भार मागे टाचेवर सरकतो. तिथले केस झिजतात, कातडी लाल होते, मग घट्टा पडतो आणि शेवटी जखम. ही जखम भरायला महिनोन्‌महिने लागतात, कारण ससा त्याच पायावर रोज बसणार असतो. जड अंगाच्या सशांना आणि तळव्याचे केस आखूड असलेल्या रेक्स जातीला हा त्रास लवकर होतो.

दुसरा धोका अडकण्याचा. लांब, वळलेलं नख गोणपाटाच्या धाग्यात किंवा पिंजऱ्याच्या जाळीत अडकलं की ससा घाबरून जोराचा हिसका देतो. त्यात नख मुळातून उपटतं, कधी बोटही मोडतं. आपल्याकडे पिंजऱ्यात गोणपाट अंथरायची सवय बऱ्याच घरांत आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

किती दिवसांनी कापायची?

साधारण चार ते सहा आठवड्यांनी. तारीख लक्षात राहत नसेल तर दर संकष्टीला एकदा नखं बघायची असं ठरवून टाका. ससा लादीवरून चालताना टक टक वाजायला लागला, किंवा पंजावरच्या केसांच्या बाहेर नख बरंच पुढे आलेलं दिसलं, की वेळ झाली.

अठरा नखं कशी? मला तर सोळाच दिसतात.

पुढच्या प्रत्येक पायाला पाच आणि मागच्या प्रत्येक पायाला चार. पुढच्या पायाचं पाचवं नख आतल्या बाजूला, जरा वर असतं, आपल्या अंगठ्याच्या जागी. ते केसांत लपतं आणि जमिनीला टेकत नाही, त्यामुळे जराही झिजत नाही. राहून जातं ते नेमकं हेच. वर्षभर दुर्लक्ष झालं तर गोल वळून कातडीत रुतू शकतं. मी सुरुवात नेहमी याच नखापासून करते, म्हणजे बाकीची नंतर झाली तरी चिंता नाही.

जवळ येऊन लाड करून घेतो, पण उचललं की लाथा झाडतो. एवढा हट्टी का?

तो घाबरलेला आहे. ससा ही दुसऱ्याच्या तोंडी जाणाऱ्या प्राण्यांची जात. चारही पाय जमिनीवरून सुटणं म्हणजे कुणीतरी उचलून नेलं, एवढंच त्याच्या शरीराला ठाऊक आहे. आणि पाय हे त्याचं पळून जायचं साधन. तेच धरून ठेवल्यावर तो शांत बसावा ही अपेक्षा फार मोठी आहे.

त्याची नजरही समजून घ्या. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे बाजूचं, वरचं आणि बरंचसं मागचंही त्याला दिसतं, पण नाकाच्या अगदी पुढ्यातलं दिसत नाही. समोरून पुढे केलेला हात शेवटच्या क्षणी नाहीसा होतो आणि मग थेट अंगाला लागतो. म्हणून हात बाजूने न्या, आधी कपाळावर ठेवा, तिथून मानेवरून खांद्याकडे. ज्याला नाकासमोर बोट नेलं की चावायची सवय आहे असा ससासुद्धा कपाळावरचा हात पुष्कळदा चालवून घेतो.

भीती वाढते आहे हे तो आधी सांगतो. अंग ताठ होतं, कान पाठीला चिकटतात, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागतो, मागचा पाय जमिनीवर आपटतो. यातलं काहीही दिसलं की तिथेच थांबायचं. दातांचा हलका, मऊ आवाज येत असेल तर तो सुखात आहे. दात जोरात करकर वाजत असतील तर कुठेतरी दुखतंय.

पायाला हात लावायची सवय कशी लावायची?

कात्री बाजूला ठेवून. निदान आठवडाभर तरी ती हातात घेऊ नका.

जमिनीवर चटई किंवा जुनी गोधडी अंथरा. लादी घसरते, आणि पाय घसरायला लागले की ससा आधीच धास्तावतो. तुम्ही खाली बसा आणि तो आपणहून येईपर्यंत थांबा. आला की कपाळ कुरवाळा, हात खांद्यावरून सावकाश पुढच्या पायापर्यंत आणा, क्षणभर टेकवा आणि काढून घ्या. लगेच कोथिंबिरीची काडी. एवढंच. पाय ओढून घेतला तर मागे लागू नका, पुढच्या वेळी खांद्यापर्यंतच थांबा. हळूहळू टेकवण्याचं धरणं होतं, धरण्याचं जरा उचलणं होतं, उचलल्यावर बोटाने एकेक नख मोकळं करून बघणं होतं.

मग कात्रीची ओळख. आमची शेवंती पांढरीशुभ्र आणि कमालीची भित्री. तिला कात्रीपेक्षा कात्रीच्या आवाजाची भीती होती. तिच्या शेजारी बसून मी झाडूचे हीर कापायचे. टक् झालं की तिचे कान ताठ उभे राहायचे, नाक हलायचं थांबायचं. कोथिंबीर समोर असूनही तोंड लावत नसे. काही दिवसांनी टक् झालं की एकच कान वळायला लागला आणि तोंड चालूच राहिलं. त्यानंतर पहिलं नख कापलं, आणि त्या दिवशी तेवढंच.

बक्षीस म्हणून कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचं पान किंवा केळ्याची पातळ चकती. केळं अगदी नखाएवढं पुरे, गोड खाणं सशाच्या पोटाला मानवत नाही. आणि गोव्यातलं घर म्हटल्यावर काजू हाताशी असतातच, पण ते सशाला देऊ नका. तेलकट बिया त्याच्या आतड्यांसाठी नाहीत.

धरायचा कसा? घरी मी एकटीच असते.

एकटी असाल तर उचलूच नका. चटईवर गुडघे टेकून बसा, ससा तुमच्या गुडघ्यांच्या मधे, त्याचं तोंड बाहेरच्या बाजूला आणि पाठ तुमच्या पोटाकडे. मागे सरकला तर तुमच्या अंगालाच टेकेल. एक हात छातीखालून घालून पुढचा एक पाय जेमतेम जमिनीवरून वर घ्या. पाय पुढे किंवा बाजूला ओढायचा नाही, तो ज्या दिशेने सहज वाकतो त्याच दिशेने. दुसऱ्या हातात कात्री. या बैठकीत पुढची दहा नखं सहज होतात.

मागच्या पायांसाठी तो पंख्याखाली लांब पाय पसरून पडलेला असतो ती वेळ पकडा. पाय आधीच बाहेर असतात. शेजारी आडवं व्हा, कुरवाळत राहा, एखादं नख कापा. उठून गेला तर जाऊ द्या. माझ्या ओळखीतल्या कित्येकांची मागची नखं फक्त अशीच होतात, रोज एक-दोन. आठवड्याभरात आठही संपतात आणि सशाला काही घडल्यासारखं वाटतही नाही.

दोघं असाल तर काम सोपं. एकाने ससा छातीशी घ्यायचा : एक हात पुढच्या पायांच्या मागे छातीखाली, दुसरा हात ढुंगणाखाली, पूर्ण भार त्या हातावर. त्याचं डोकं कोपराच्या घडीत लपवलं तर तो लवकर शांत होतो. दुसऱ्याने नखं कापायची. धरणाऱ्याने खुर्चीवर बसण्यापेक्षा जमिनीवर बसावं. उडी मारली तर पडायची उंची कमी.

ढुंगणाखालच्या हातावर मी एवढा भर का देते, तेही सांगते. सशाची हाडं फार हलकी असतात. सगळा सांगाडा मिळून शरीराच्या वजनाच्या सात-आठ टक्केच भरतो, मांजराचा बारा-तेरा टक्के. पण मागच्या पायांचे स्नायू मात्र विलक्षण ताकदीचे. मागचा भाग अधांतरी राहिला आणि त्याने जोरात लाथ झाडली, तर स्वतःच्याच जोराने त्याचा कमरेजवळचा मणका मोडू शकतो. मागचे पाय कायमचे लुळे पडतात. म्हणून नियम पक्का ठेवा : लाथा झाडायला लागला की घट्ट आवळायचं नाही. अंगाशी धरून खाली वाका, मागची बाजू आधी टेकवून सोडून द्या. नख उद्या कापता येतं.

आजी म्हणतात कान धरून उचल, आम्ही असंच करायचो.

पूर्वी पुष्कळ घरांत असंच उचलत, हे खरं. पण कान नाजूक असतात, रक्तवाहिन्यांनी भरलेले, आणि अंगाचा सगळा भार त्यांच्यावर येतो. मागचे पाय अधांतरी राहतात ते वेगळंच. आजींना प्रेमाने सांगा, आणि ससा त्यांच्या मांडीशी आणून ठेवा. कुरवाळायचं काम त्यांच्याइतकं सावकाश कुणी करत नाही. नखं कापताना कपाळावर ठेवायला असा एक हात मिळाला तर अर्धं काम झालंच.

टॉवेलमध्ये गुंडाळून कापतात ते बरोबर का?

हो, चांगली पद्धत आहे. फार हालचाल करणाऱ्या सशासाठी मी तीच सांगते. टॉवेल जमिनीवर पसरायचा, ससा मधोमध, एक बाजू अंगावरून घेऊन पोटाखाली सारायची, मग दुसरी. डोकं बाहेर, नाक पूर्ण मोकळं, मान आवळलेली नाही. एकेक पाय बाहेर काढून नखं कापायची आणि परत आत घ्यायचा.

आपल्याकडे अडचण उकाड्याची. सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. हवा २८ ते ३० अंशांच्या वर गेली की त्याला सोसवत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये गोव्यात पारा ३३ च्या आसपास असतो, वर दमट हवा. अशा दिवसांत जाडा टर्किश टॉवेल घेऊ नका, पातळ सुती पंचा घ्या. पंखा चालू ठेवा, सकाळी लवकर करा, आणि दोन-तीन मिनिटांत सोडा. जोरजोरात श्वास, लालबुंद गरम कान, तोंडातून लाळ, अंग सैल पडणं हे उष्माघाताचं लक्षण आहे. सावलीत ठेवा, कान साध्या गार पाण्याने ओले करा आणि ताबडतोब डॉक्टर गाठा. बर्फाचं पाणी वापरू नका, पाण्यात बुडवू नका.

व्हिडिओत ससा उताणा केला की झोपी जातो आणि आरामात नखं कापता येतात. करून बघू का?

नको. तो झोपत नाही. शिकाऱ्याच्या तावडीत सापडलेला प्राणी जसा मेल्यासारखा पडून राहतो तशी ही अवस्था आहे. अशा स्थितीतल्या सशांची तपासणी झालेली आहे, आणि त्यांच्या शरीरात ताण वाढल्याची चिन्हं मिळाली आहेत. वर त्याला अचानक भान आलं की तो सगळी ताकद लावून उलटतो. तेव्हा तो तुमच्या मांडीवर पाठीवर असतो, आणि मणक्याबद्दल वर लिहिलंच आहे. व्हिडिओत फक्त आरामात दिसणारा भाग दाखवतात.

कात्री कोणती घ्यायची?

मांजरासाठी मिळणारी छोटी, कात्रीसारखी उघडणारी आणि पात्याला अर्धगोल खाच असलेली. लहान पिल्लाला आपलं नेलकटरही चालतं, फक्त ते आडवं न धरता नखाच्या दोन्ही कडांवरून बसेल असं धरा, नाहीतर नख चेपतं. धार महत्त्वाची. बोथट पात्याने नख कापलं न जाता चिरतं आणि सशाला ओढ जाणवते. पावसाळ्यात पात्याला लगेच गंज चढतो, तेव्हा पुसून, तेलाचा थेंब लावून डब्यात ठेवा आणि वापरायच्या आधी तेल पुसून टाका.

कुठवर कापायचं? आमच्या सशाची नखं काळी आहेत, काहीच दिसत नाही.

नखाच्या आत मुळाकडून काही अंतरापर्यंत जिवंत भाग असतो, त्यात रक्तवाहिनी आणि मज्जातंतू. पांढऱ्या नखात तो गुलाबी दिसतो. त्याच्या पुढे दोन-तीन मिलिमीटर सोडून कापायचं.

आधी केस मागे सारा. कापसाचा ओला बोळा पंजावरून फिरवला की केस चिकटून बसतात आणि नख मोकळं होतं. आता मोबाईलचा टॉर्च नखाच्या मागच्या बाजूला धरा. खिडकीतल्या उजेडापेक्षा हे बरं, कारण पावसाळी दिवसांत घरात उजेड तरी कितीसा असतो. काळ्या नखातही टोकाकडचा भाग जरा उजळ दिसतो आणि मुळाकडे एक गडद सावली थांबलेली दिसते. ती सावली म्हणजे जिवंत भाग. अगदी मिट्ट काळं नख असेल आणि टॉर्चनेही कळत नसेल तर फक्त टोकाचा वाकलेला आकडा उडवा, जेमतेम एक मिलिमीटर.

आणखी एक युक्ती उपयोगाची आहे. कात्री जागेवर बसवा आणि कापायच्या आधी अगदी हलकेच दाबा. ससा पाय खेचतो का बघा. खेचला तर तुम्ही जिवंत भागाजवळ आहात, थोडं टोकाकडे सरका. नाही खेचला तर एका झटक्यात कापा. अडखळत, अर्धं कापून थांबून परत दाबायचं नाही.

कात्री आडवी किंचित तिरकी धरा, म्हणजे नखाची जमिनीकडची बाजू सपाट राहते. टोकं धारदार राहिली तर कानशीने दोनदा घासा. पण तोवर ससा कंटाळलेला असतो. मी हे बहुतेक सोडूनच देते.

रक्त आलं! काय करू?

घाबरू नका. थोडं रक्तही पांढऱ्या केसांवर पुष्कळ दिसतं. ससा अंगाशी घ्या, स्वच्छ कापडाने किंवा कापसाने नखाचं टोक दाबून धरा आणि पाच मिनिटं दाब सोडू नका. दर अर्ध्या मिनिटाला उघडून बघितलं तर गुठळी धरत नाही. थांबलं नाही तर कॉर्नफ्लॉवर चिमटीत घेऊन नखाच्या टोकावर दाबा. रक्त थांबवायची पावडर औषधाच्या किंवा प्राण्यांच्या दुकानात मिळते, ती घरात असेल तर उत्तमच. दाढीची तुरटी कुटून लावली तरी रक्त थांबतं, पण ती चुरचुरते, म्हणून मी कॉर्नफ्लॉवर आधी सांगते. हळद नको. केस पिवळे होतात आणि रक्त खरंच थांबलं की नाही ते कळत नाही.

कापायला बसायच्या आधीच हे सगळं वाटीत काढून शेजारी ठेवा. रक्त आल्यावर स्वयंपाकघरात डबे शोधायला जाणं आणि ससा पलंगाखाली जाणं एकाच वेळी होतं.

वीसेक मिनिटांनंतरही रक्त ठिबकत असेल तर डॉक्टर. थांबलं तरी दोन दिवस जागा कोरडी आणि स्वच्छ ठेवा. आपल्या दमट हवेत माश्या ओल्या जखमेवर बसतात, अंडी घालतात, आणि त्यांतून एका दिवसात अळ्या होऊ शकतात.

नख मुळातून उपटलं. घरात मुलांचं अँटिबायोटिक आहे, थोडं देऊ का?

मुळीच नाही. पोटातून दिलेलं अमॉक्सिसिलिन सशाच्या आतड्यातल्या जिवाणूंचा तोल बिघडवतं आणि त्यात ससा दगावू शकतो. माणसांची दुखण्यावरची गोळीही स्वतःच्या मनाने देऊ नका. दाब देऊन रक्त थांबवा, कोरड्या मऊ कापडावर ठेवा, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पिसवांसाठी कुत्र्यांना लावतात ते फिप्रोनिल सशाला विषारी आहे. घरात कुत्राही असेल तर हे ध्यानात असू द्या.

चिऱ्याचा दगड पिंजऱ्यात ठेवला तर नखं आपोआप झिजतील ना?

थोडी झिजतात, पण त्याच्या भरवशावर राहू नका. अंगठ्याचं नख तर दगडाला लागतच नाही. शिवाय चिरा खरखरीत, त्यावर सतत बसलं तर तळव्याचे केस झिजतात. यायच्या-जायच्या वाटेवर एक सपाट चिरा ठेवलात आणि बसायला मऊ, कोरडी जागा दिलीत तर हरकत नाही. त्यापेक्षा खोल घमेल्यात माती भरून उकरायला द्या. उकरणं ही त्याची खरी गरज आहे.

पावसाळ्यात वेगळी काळजी घ्यायची का?

नखांपेक्षा तळव्यांची. जून ते सप्टेंबर गोव्यात सरासरी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि घरातलं काहीच धड वाळत नाही. अंथरूण ओलं, त्यात लघवी, त्यावर लांब नखांमुळे टाचेवर आलेला भार. घट्ट्यांचे ससे या महिन्यांत जास्त बघायला मिळतात. नखं बघताना प्रत्येक वेळी तळवा उलटा करून बघा. गुलाबी कातडी दिसली, केस गेलेले दिसले, की अंथरूण दिवसातून दोनदा बदला, आणि जाळीचा तळ असेल तर त्यावर लाकडी फळी टाका. पाय धुवायचे असतील तर ओल्या कापडाने पुसून लगेच कोरडे करा. सशाला आंघोळ घालायची नाही.

सणासुदीला पाहुणे येतात, त्याआधी कापून टाकू का?

चार दिवस आधी कापा. चवथीला फटाके, नरकासुराच्या रात्री पहाटेपर्यंत ढोल आणि गाणी. तेव्हा ससा आधीच कोपऱ्यात अंग चोरून बसलेला असतो. त्या दिवसांत नखांचं नावही काढू नका, त्याला आतल्या खोलीत निवांत राहू द्या.

कापून झाल्यावर रुसतो, पाठ करून बसतो. आणि परवा तर जेवलाही नाही.

रुसवा तासाभरात जातो. न खाणं मात्र हलक्यात घेऊ नका. सशाचं आतडं सतत चालू राहावं लागतं. भीतीने किंवा दुखण्याने ते मंदावलं की लेंड्या बारीक होतात, मग थांबतात, पोटात वायू धरतो आणि जीव धोक्यात येतो. नखं कापल्यावर लगेच त्याचं आवडतं पान पुढे करा. घेतलं तर काळजी मिटली. त्यानंतर गवत खातोय का, लेंड्या पडताहेत का, हे रात्री झोपण्याआधी बघा. दहा-बारा तास काहीच खाल्लं नाही किंवा लेंड्या नाहीत, तर सकाळची वाट बघू नका.

डॉक्टरकडूनच कापून घेतलं तर?

अवश्य. ज्याची भीती फार खोल आहे, ज्याच्या पायाला किंवा मणक्याला आधीच दुखापत आहे, किंवा ज्याची नखं वळून रुतायला आली आहेत, त्याच्यासाठी तेच योग्य. फोनवर आधी विचारून घ्या की ते ससे बघतात का. सगळेच पशुवैद्य बघत नाहीत, गुरं आणि कुत्री हाच अनेकांचा रोजचा अनुभव. भूल द्यायची वेळ आली तर तुम्ही एवढं लक्षात ठेवा : सशाला उलटी होत नाही, म्हणून कुत्र्यासारखं त्याला रात्रभर उपाशी ठेवायचं नसतं. उपाशी ठेवायला सांगितलं तर नम्रपणे पण नक्की विचारा.

न्यायचा तर बंद, हवेशीर पेटीतून, तळाला घसरणार नाही असं कापड आणि मूठभर गवत घालून. मेच्या दुपारी स्कूटरवरून नेऊ नका. दिवाडी किंवा चोडणहून फेरीबोटीने येत असाल तर पेटी इंजिनाच्या आवाजापासून लांब ठेवा आणि वरून पातळ कापड घाला.

पाचवीतला मुलगा म्हणतो, मीच कापतो.

कात्री मोठ्यांच्या हातात. त्याला टॉर्च धरू द्या, कोथिंबीर भरवू द्या, आणि वहीत कुठलं नख कधी कापलं ते लिहू द्या. हे शेवटचं काम खरंच उपयोगी आहे, कारण रोज एक-दोन नखं कापताना कुठली राहिली हे दोन दिवसांनी कुणालाच आठवत नाही.

काजूच्या बागेत सशाचं पिल्लू सापडलं, नखं मोठी वाटतात. कापू?

नाही, आणि घरीही आणू नका. तो रानससा, पाळीव सशापेक्षा वेगळी जात, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पाळायला मनाई आहे. रानसशाची आई पिल्लांना एकटं ठेवूनच चरायला जाते. पिल्लू जखमी नसेल तर जिथे होतं तिथेच राहू द्या. जखमी असेल तर वनखात्याला कळवा.

नखं कायमची काढून टाकता येतात का?

नाही. त्यात बोटाचं शेवटचं हाड कापावं लागतं. विचारसुद्धा नको.

आम्ही मोठा ससा दत्तक घेतला. नखं इंचभर वाढलेली, आणि जिवंत भागही टोकापर्यंत आलेला. आता?

एकदम आखूड होणार नाहीत. नख वाढत गेलं की आतला जिवंत भागही त्याच्याबरोबर पुढे येतो. त्यामुळे दर आठ-दहा दिवसांनी फक्त टोकाचा मिलिमीटरभर भाग कापायचा. हळूहळू जिवंत भाग मागे सरकतो, मग पुढच्या खेपेला आणखी थोडं घेता येतं. योग्य लांबीवर यायला दोन-तीन महिने धरा. नव्या घरात आल्यावर पहिले आठवडाभर नखांना हात लावू नका, फक्त कातडीत रुतली असतील तर डॉक्टरांकडून लगेच कापून घ्या. तळवे बघून ठेवा, गोणपाट काढून टाका, चटई अंथरा. आणि ससा वयस्क असेल, सात-आठ वर्षांच्या पुढचा, तर पाय वर घेताना सांधे दुखतात हे धरून चाला : पाय जितका कमी उचलाल तितका तो जास्त वेळ देईल.